पेशंट बरा झाला म्हणून विकणे आहे

प्रिय आई,

काल एटापल्लीकडचा एक माणूस तुझी ऑक्सिजनची मशीन घ्यायला आला होता. न घेताच गेला. मी त्याला एक वाक्य सांगितलं आणि तो उठून चालता झाला. ते वाक्य खरं तर तुझं होतं. तू खाटेवर होतीस, मी शेजारी बसले होते आणि सांगायला भरपूर वेळ होता. तेव्हा सांगितलं नाही. आता परक्या माणसाला आधी सांगून झालं आहे, मग तुला न सांगणं बरं दिसत नाही. म्हणून हे पत्र.

तुझा लेक महेंद्र कालपासून माझ्याशी बोलत नाही. मी वाढते, तो जेवतो, ताट धुऊन ठेवतो. एवढ्या दुरून आलेला माणूस मी पळवून लावला, असं त्याचं म्हणणं आहे. ते खोटं नाही.

तुला आठवतं का, महेंद्र त्याच्या दुकानातले जुने मोबाइल ऑनलाइन विकायला लागला, तेव्हा मी सुट्टीला आले की जाहिराती लिहायचं काम माझ्याकडे असायचं? मी लिहायचे, "डाव्या कोपऱ्यात काचेला तीन सेंटिमीटर तडा. बॅटरी सहा तास टिकते. चार्जिंगची पिन सैल आहे, वायर हलवावी लागते." महेंद्र ते पुसून लिहायचा, "नव्यासारखा. एकहाती वापर. घेऊन पस्तावणार नाही."

तू तांदूळ निवडत बसलेली. म्हणालीस, "असं लिहिशीन तं तुह्या लग्नाची माहिती कोन लिहीन वं? रंग सावळा, बोलनं कमी, हासनं सणावारी!"

"आन् चार्जिंगची पिन सैल!" महेंद्रनं जोड दिली.

तू इतकी हसलीस की सुपातले तांदूळ सांडले आणि तुला खोकला लागला. तेव्हा तो नुसता खोकला होता.

मला एवढंच म्हणायचं आहे की वस्तूची स्थिती कशी लिहायची, हे मला येत होतं. न येणाऱ्या माणसाकडून चूक झाली असती तर गोष्ट वेगळी होती.

राइस मिलमध्ये वीस वर्षं तू कोंड्याच्या धुरळ्यात उभी राहिलीस. तोंडाला पदर बांधायचीस आणि संध्याकाळी तो झटकलास की दारात पांढरं रिंगण पडायचं. ब्रह्मपुरीच्या डॉक्टरांनी सांगितलं, घरी ऑक्सिजन लागेल, रोज, बराच वेळ. सिलिंडर भरून आणायचे तर गावातून दर दोन दिवसांनी गाडी करावी लागणार. म्हणून मी वापरलेली मशीन शोधायला लागले. हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारी, विजेवर चालणारी. चंद्रपूरची एक जाहिरात सापडली.

"फक्त आठशे तास चाललेली. घरगुती वापर. काहीच प्रॉब्लेम नाही. पेशंट बरा झाला म्हणून विकणे आहे."

मी ती तुला फोनवर वाचून दाखवली. तास तू ऐकलेच नाहीस.

"बरा झाला? माह्यासारखाच होता का तो?"

"तसंच असंन, आई."

"मंग घेऊन टाक ना बापा! बसून काऊन राह्यली?"

रविवारी मी ते घर शोधत गेले. माझ्याच वयाचा एक मुलगा होता. मशीन पुढच्या खोलीत, वर चादर टाकलेली. मी तपासली. फिल्टर काढून उजेडात धरला. वायर पाहिली. चालू करून आवाज ऐकला. पाण्याच्या बाटलीत बुडबुडे नीट येत होते. आत एक लहान मीटर असतो, मशीन किती तास चालली ते दाखवणारा. त्यावर आठशे बारा. जाहिरातीशी जुळत होतं. जुळलं की मला बरं वाटतं, तुला माहीत आहे.

मग मी पाणी मागितलं. आतून एक बाई तांब्या घेऊन आली. कपाळ मोकळं. माझ्याकडे बघून म्हणाली, "कोनासाठी पाह्यजे? आईसाठी? घेऊन जा, बाई. आमच्याकडं चार म्हैने चालली. शेवटी शेवटी ह्यायले लय आराम होता हिचा."

"आई, तू आत जा," मुलगा म्हणाला.

ती आत गेली. दार लोटताना भिंतीवरची तसबीर दिसली. हार ताजा होता.

मुलानं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं. मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर तो खरं बोलला असता, असं मला वाटतं. त्याचा चेहरा खोटं बोलायची सवय असलेल्याचा नव्हता. पण मग मला ती मशीन तुझ्यासाठी उचलता आली असती का? आणि दुसरी मिळत नव्हती. मी मनाशी म्हटलं, माणूस गेला हा मशीनचा दोष नाही. तांत्रिकदृष्ट्या हे बरोबर आहे. आजही बरोबर आहे. पण ज्या जाहिरातीतली एक ओळ डोळ्यांदेखत खोटी निघाली, तिच्या बाकी तीन ओळींवर विश्वास ठेवायचा, हे कुठल्या शास्त्रात बसतं?

परत येताना बसमध्ये मी हिशेब केला. चार महिने, आठशे बारा तास. दिवसाला सात तासही होत नाहीत. ज्याला शेवटी शेवटी मशीनशिवाय चालत नव्हतं, त्यानं ती दिवसाला सात तासच वापरली? मीटर चुकीचा होता. हे मला मूल गावाच्या फाट्यापर्यंत कळलेलं होतं, आणि बस ब्रह्मपुरीला पोचेपर्यंत मी ते बाजूला ठेवून दिलं होतं.

आई, मी सिमेंटच्या कारखान्यात काय करते, हे तू शेजारणींना सांगायचीस, "आमची पोट्टी भट्टीचा श्वास मोजते." जवळपास बरोबर. भट्टीतून बाहेर पडणाऱ्या वायूत ऑक्सिजन किती, हे दाखवणारी यंत्रं मी जुळवते. माझ्या सहीशिवाय तो आकडा खरा धरत नाहीत. आणि तुझ्या नाकात जाणाऱ्या वायूत ऑक्सिजन किती, हे मी एकदाही मोजलं नाही. आमची यंत्रं पंचवीस टक्क्यांपर्यंतच मोजतात, ती चालली नसती, हे खरं. पण चालणारं यंत्र कुणाकडे आहे, हे विचारायला एक फोन पुरला असता. मी फोन केला नाही. आकडा वाईट निघाला असता तर तुला सांगावा लागला असता.

मशीन घरी आली त्या दिवशी निम्मं गाव बघायला आलं. शेजारच्या सुमनबाईंनी मशीनला कुंकू लावायला डबी आणली, तर तू म्हणालीस, "आमच्यात नाई लावत, सुमनबाई. लावाचंच असंन तं स्वतःले लावा अजून थोडं." मग सगळ्यांना सांगत बसलीस. चंद्रपूरचा एक माणूस ह्याच मशीनवर बरा झाला. माह्यासारखाच होता. आता ठणठणीत.

बाटलीतले बुडबुडे बघत राहायचीस. भात रटरटतो तसा आवाज येतो म्हणायचीस. बुडबुडे आहेत म्हणजे हवा येते आहे, एवढंच खरं. त्या हवेत ऑक्सिजन किती, हे बुडबुड्यांवरून कळत नाही. हे मी तुला सांगायला हवं होतं की नको होतं?

आठ दिवसांनी तू म्हणालीस, "त्या मानसाचा नंबर दे. कसा बरा झाला, काय खात होता, इचारतो जरा."

मी म्हटलं, नंबर बंद आहे.

"पुन्हा लावून पाह्य ना."

तू तीन वेळा विचारलंस. चौथ्या वेळी मी म्हटलं, "लागला होता आई. बरा हाये तो. जिने चढते आता. बाजारातून पिशवी घेऊन येते."

मला खोटं बोलता येत नाही असं तुझं मत होतं. बघ, किती बारकाईनं बोलले! पिशवीसुद्धा घातली. मेलेल्या माणसाला मी जिने चढवले, आणि तू उशीला टेकून हसलीस. म्हणालीस, "मंग मीबी चढन. आपल्या घरी जिना नाई, तं विहाराच्या पायऱ्या चढन."

त्र्याण्णवाव्या दिवशी रक्तातला ऑक्सिजन दाखवणाऱ्या बोटावरच्या यंत्रानं ब्याऐंशी दाखवलं आणि तो आकडा वर येईना. डॉक्टर म्हणाले, नागपूरला न्या, आजच न्या. महेंद्रनं गाडी सांगितली. गाडी दारात उभी राहिली आणि तू खाटेचा दांडा धरून ठेवलास.

"मी नाई जात."

"आई, डॉक्टरनं सांगतलं ना," महेंद्र म्हणाला.

"डॉक्टरले काय मालूम? चंद्रपूरचा तो मानूस गेला होता का नागपूरले? घरीच बरा झाला ना ह्याच मशीनवर? सांग ना वं प्रज्ञा, त्याले कोठी नेलं होतं का?"

तू माझ्याकडे बघत होतीस. महेंद्रही बघत होता. आई, ते एक वाक्य एवढंच होतं: तो माणूस बरा झाला नाही. सहा शब्दही होत नाहीत. ते म्हटलं असतं तर तू दांडा सोडला असतास. रागावली असतीस, रडली असतीस, गाडीत तोंड फिरवून बसली असतीस, पण बसली असतीस.

मी म्हटलं, "नाही. कुठे नेलं नव्हतं."

गाडी परत गेली.

त्यानंतर तू अकरा दिवस होतीस. अकराव्या दिवशी दुपारी तुझे ओठ काळे पडले आणि तुला न विचारता महेंद्रनं उचलून गाडीत घातलं. नागभीड गेलं. भिवापूर यायच्या आधी तू माझ्या मांडीवर गेलीस. मी बोटाला लावलेलं यंत्र काढलं नव्हतं. त्यावर आकड्याऐवजी दोन आडव्या रेघा आल्या. मी यंत्रं बघणारी बाई आहे. रेघांचा अर्थ मला कुणी सांगावा लागला नाही.

मामा आले, विधी झाले. तुझं अंथरूण जाळलं, खाट नदीकडे नेऊन ठेवली. मशीन तेवढी राहिली. मेलेल्याच्या उशापायथ्याची वस्तू घरात ठेवू नये म्हणतात, पण ती नदीवर नेऊन टाकायला कुणी धजेना.

मी ती चंद्रपूरला नेली. दवाखान्यांची यंत्रं दुरुस्त करणारा एक मेकॅनिक आहे. त्याच्याकडे ऑक्सिजन मोजायचं बरोबर यंत्र होतं. मिनिटाला तीन लिटरवर ऑक्सिजन एकाहत्तर टक्के. पाचवर अठ्ठावन्न. हवेत नुसते एकवीस असतात आणि चांगली मशीन नव्वदच्या वर देते. त्यानं झाकण उघडून दाखवलं. आतला मीटरचा भाग बदललेला होता, बाकी मशीन जुनी. हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारे जे दाणे असतात, ते ओल धरून बसले होते.

म्हणजे काय, ते तुला सांगते. तुझा जीव घाबरला की मी काटा पाचवर न्यायचे, आणि तुझ्या वाट्याला येत होतं ते चांगल्या मशीनच्या तीनइतकंच.

तू त्यामुळं गेलीस का? मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, फुप्फुसंच संपली होती, थोडे दिवस इकडे तिकडे. नागपूरला नेलं असतं तर? त्यांनी चष्मा पुसला. "सांगता येत नाही." मला सांगता येत नाही हे उत्तर आवडत नाही. पण तेच खरं उत्तर आहे, आणि त्याच्याबरोबर मला राहायचं आहे.

परवा मी घरी आले तर महेंद्रनं मशीनची जाहिरात टाकलेली होती. "नव्यासारखी. घरगुती वापर. पेशंट बरा झाला म्हणून विकणे आहे."

"हे काय लिहिलंस?"

"सगळे तेच लिहितेत, ताई. मेला म्हनून लिहिलं तं कोन घेईन? अपशकुनी म्हन्तीन."

"एकाहत्तर टक्केच देते ती."

"चालते तं आहे ना? बंद तं नाई पडली. मी बंद मशीन विकून राह्यलो का?"

त्याला तुझी ती वस्तू डोळ्यांसमोरून जायला हवी आहे, एवढंच आहे. माझ्यावर रागावला म्हणून त्याला वाईट समजू नकोस. त्या चंद्रपूरच्या घराबद्दल त्याला काहीच माहीत नव्हतं.

मी जाहिरात काढायला सांगायच्या आत माणूस निघालेला होता. काल दुपारी पोचला. लालसूभाऊ म्हणून, पन्नाशीचा, एटापल्लीच्या पुढच्या गावचा. एसटीनं गडचिरोली, तिथून ब्रह्मपुरी, पुढे काळीपिवळी जीप. पायाला ती तिकडची तांबडी धूळ. मशीन बांधून न्यायला घरून दोर आणला होता. बायकोला आधी टीबी झाला होता, आता दम लागतो. पाणी पिऊन त्यानं पहिला प्रश्न विचारला, मशीनकडे बघायच्याही आधी.

"पेशंट बरा झाला ना, बाई?"

महेंद्र म्हणाला, "हो ना भाऊ. आमची आईच होती. बरी झाली. नागपूरले राह्यते आता."

आई, त्यानं तुला नागपूरला पोचवलं.

त्याच्या तोंडून ते सहज आलं. जवळचं मोठं गाव म्हणून आलं असेल. मी हातातला पेला खाली ठेवला.

मी म्हटलं, "पेशंट बरा झालेला नाही. आमची आई वारली. ज्या घरून आम्ही ही मशीन घेतली, तिथला पेशंटही बरा झाला नव्हता."

महेंद्रनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं गाडी दारातून परत गेली त्या दिवशी तू पाहायला हवं होतंस.

लालसूभाऊंनी दोराकडे पाहिलं. मग म्हणाले, "बरं. मरन तं कोनालेबी येते. मशीन चालते का नाई, ते सांगा."

"एकाहत्तर टक्के देते. द्यायला हवेत नव्वदच्या वर."

"इकात्तर म्हंजे पासच झाली ना, बाई? माहा पोरगा पस्तीसवर पास होऊन राह्यला."

"तसं नसतं, भाऊ. साध्या हवेत एकवीस असतात."

"मंग आमच्या घरी तं इकवीसच हायेत! इकात्तर जास्तीच झाले ना?"

सांग, ह्याला काय उत्तर द्यायचं? गणितात तो चुकला नव्हता. मी विचारलं, डॉक्टर काय म्हणाले? गडचिरोलीच्या डॉक्टरांनी भरती व्हायला सांगितलं आहे, पण बायको तयार नाही. मशीन येणार आहे म्हटल्यापासून तर अजिबातच नाही. "घरीच बरी होतो म्हन्ते."

घरीच बरी होतो.

मी म्हटलं, "ह्या मशीनवर विसंबून त्यांना घरी ठेवू नका. आमच्या आईला आम्ही ठेवलं. गडचिरोलीला न्या."

ते उठले. दोर खांद्यावर टाकला. "तुमी इकाले बसल्या का भ्या दाखवाले बसल्या? तेवढं फोनवर सांगतलं असतं तं माही चक्कर वाचली असती." हे त्यांचं अगदी बरोबर होतं. महेंद्र त्यांना फाट्यापर्यंत सोडायला गेला. मी गेले नाही.

मग मी जुनी जाहिरात काढून टाकली आणि नवी लिहिली. तुला वाचून दाखवते.

"ऑक्सिजनची मशीन. वापरलेली. मीटरवर २६४० तास आहेत, पण मीटर बदललेला आहे. खरे तास माहीत नाहीत. तीन लिटरवर एकाहत्तर टक्के, पाचवर अठ्ठावन्न. आतले दाणे बदलल्याशिवाय पेशंटसाठी वापरू नये. मागच्या बाजूला कोपरा फुटलेला आहे. आमच्याकडे एकशे चार दिवस चालली. ज्यांच्यासाठी घेतली त्या वारल्या. त्यांच्या आधीचे गृहस्थही वारले."

महेंद्र येऊन वाचून गेला. पुसलं मात्र नाही.

आज सकाळी फोन आला. नंबर लालसूभाऊंचा, आवाज बाईचा. एका वाक्यात दोनदा थांबावं लागत होतं.

"तुमीच का ते मशीनवाल्या बाई?"

"हो."

"मी मैनी. काल आलता तो माह्या घरचा. लय चिडून हाये तुमच्यावर."

"बरोबर आहे."

"तुमची माय किती दिस होती मशीनवर?"

"एकशे चार."

"हिंडेफिरे का?"

"पहिले दोन महिने अंगणापर्यंत. नंतर नाही."

"तिले मालूम होतं?"

काय, ते मला कळलं होतं. तरी मी विचारलं, "काय?"

"का आता बरं नाई होनार म्हनून."

"नाही. मी सांगितलं नव्हतं."

तिच्या मागून एक जड गाडी गेली, मग तिच्यामागून आणखी एक. सूरजागडच्या खाणीकडून येणाऱ्या असतील. तो आवाज सरेपर्यंत ती थांबली.

"काऊन नाई सांगतलं?"

आई, हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. महेंद्रनं नाही, मामांनी नाही, डॉक्टरांनी नाही. मी म्हटलं, "भीती वाटली."

"कोनासाठी? तिच्यासाठी का सोतासाठी?"

"स्वतःसाठी," मी म्हटलं.

ती खोकली, आणि तो खोकला मी ओळखते. मग म्हणाली, "मलेबी सगळे म्हन्तेत, मशीन आली का बरी होशीन. मी इचारलं तं डोळ्याले डोळा देत नाई कोनी. तुमी एकट्याच बोलल्या. म्हनून फोन केला."

"गडचिरोलीला जाल का?"

"जातो. सोमवारी जातो. पन डॉक्टर ह्यायले सांगन आन् हे मले अर्धं सांगन. तुमी येता का? कागद वाचाले?"

सोमवारी माझी ड्यूटी आहे. मी तिला ओळखत नाही. तिची बोली मला पूर्ण कळत नाही, माझी तिला कळत नसेल. त्या कागदावर काय असेल, हे मला साधारण ठाऊक आहे, आणि ते वाचून ती दवाखान्यात थांबेल की उठून घरी जाईल, हे ठाऊक नाही. कदाचित माझ्यामुळं ती घरी जाईल. हाही धोका आहे. मी तो लपवत नाही.

"येते," मी म्हटलं.

"सगळं वाचसान?"

"सगळं."

आई, तुला एकदा तरी रागावता यायला हवं होतं. "खोटारडे, मले काऊन फसवलं?" असं ओरडता यायला हवं होतं. तो अधिकार तुझा होता आणि तो मी काढून घेतला. तुझ्या बाबतीत जे झालं, ते दुरुस्त होत नाही. क्षमाही मी मागत नाही. तू ती लगेच देऊन टाकशील, आणि मला ती स्वस्तात नको आहे.

सोमवारी पहिल्या एसटीनं मी गडचिरोलीला जाईन. मैनीबाईंच्या शेजारी बसेन, त्यांच्या नवऱ्याच्या शेजारी नाही. कागदावर जे असेल ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचेन. समजलं नाही ते डॉक्टरांना विचारेन, आणि त्यांना सांगता आलं नाही तर "सांगता येत नाही" असंच मैनीबाईंना सांगेन. त्या रडल्या तरी मध्ये थांबणार नाही, आणि वाईट ओळ आली की आवाज खाली आणणार नाही. हे वचन तुला देते आहे, कारण हे मी तुझ्यासाठी केलं नाही.

तुझी,
प्रज्ञा